फक्कीचं घर

…आन वर मलाच म्हणतोय, 'कंडक्टरसाहेब, भिंतीतनं नका येऊ, दारातनं या!' आता तुम्हीच सांगा पावणं, कुठं हाय भिंत? मोकळा माळ, वर आभाळ, खाली कुसळं, आन त्यावर चुन्याची फक्की मारलेली, पोरांच्या कबड्डीला मारत्यात तसली… आन हा गडी मला दार दावतोय! मी म्हणलं, बाबा, ही रेघ हाय. तो म्हणला, आज रेघ हाय, उद्या भिंत हाय. तुम्हाला सांगतो, त्या रेघंनं माझी जी गत केली ती दुष्मनाची होऊ नये.

न्हाय, पर मी तिथं गेलतो कशाला ते ऐका आदी. मी गौस, एस्टीत कंडक्टर, कोल्हापूर-गडहिंग्लज गाडीवर, म्हणून आवाज जरा मोठा, राग मानू नका. ऱ्हायला रविवार पेठंत, दीड खोली, भाड्याची. अम्मा माझी, शहाजादी तिचं नाव, तिकडं नेसरीला एकटी. अब्बा गेले तवापास्नं तिच्याशी बोलायला घरात माणूस न्हाय, शेळीला हाका मारून तिच्याशी बोलत बसती. मला ते आतनं खातंय हो. तिकीट फाडताना सुद्धा डोस्क्यात तेच. दर खेपंला म्हणतोय, अम्मा चल. आन दर खेपंला तिचं एकच, भाड्याच्या घरात साधा खिळा ठोकायचा तर मालकाला इचारावं लागतंय, तिथं मी येणार न्हाय, स्वताचं घे, दुसऱ्या दिवशी येते. घ्या! स्वताचं घर म्हंजे काय रंकाळ्यावरची भेळ हाय व्हय, बांध पुडी आन दे?

आन तेवढ्यात पेपरात आलं. ओनरशिप फ्लॅट! नवीनच निघालेलं ते. खाली काय लिवलेलं, नकाशा कळत न्हाय? मग घर चालून बघा! म्हणलं ही काय भानगड? सलमा, म्हंजे आमच्या घरातली, ती म्हणली, जाऊन तर बघू, बघायला काय तिकीट हाय? गेलो राजारामपुरीच्या पल्याड. तर तिथं हा आकाराम, बिल्डरचा माणूस, छत्री घेऊन हुबा. म्हणला, साहेब, निळ्या कागदावरचा नकाशा बघून लोकांची डोस्की फिरत्यात, म्हणून आमी अख्खं घरच जमिनीवर आखलंय, जेवढ्याला तेवढं. ही बैठकीची खोली, हे सैपाकघर, हितं गॅसची टाकी, नंबर लागला की ठेवा. आन आमची सलमा, दाराच्या रेघंपाशी चप्पल काढून आत! माळावर! कुसळं टोचाल्यात, आन म्हणती कशी, हवेशीर हाय की! अगं हवेशीर आसणारच, रेघ हाय ती!

पर मनात भरलं, खोटं कशाला सांगू. पुढच्या रविवारी अम्माला आणली. पदर खोचून तिनं सगळ्या खोल्या फिरून बघितल्या, न्हाणीत वाईच वाकून आली, मोरीचं पाणी कुठं जाणार ते इचारलं, आन सैपाकघरात जाऊन मांडी घालून बसली. तोंडावर पसंती दिसत होती. माझा जीव भांड्यात पडला म्हणस्तोवर मुरगूडचा एक पिराजी म्हणून गडी आला, संगं त्याची आई धोंडुबाई, आन ती म्हातारी सरळ आमच्याच सैपाकघरात येऊन आमच्या अम्माफुडं बसली! अम्मा म्हणली, बाई, हे आमचं हाय. ती म्हणली, वा गं वा, माझ्या लेकानं बयाणा दिलाय. झाला की कालवा सुरू! मी पिराजीवर, पिराजी माझ्यावर, दोघं एकाच न्हाणीत हुबं राहून भांडतोय… रेघंसाठी, पावणं, रेघंसाठी!

आकाराम पळत आला. म्हणला, अवं, ह्यांचं पहिल्या मजल्यावर, ह्यांचं दुसऱ्या, एकावर एक, म्हणून रेघ एकच! दोघींचं सैपाकघर बरोबर एकाच जागी येतंय! आमी दोघं वरमलो. तोंड लपवायला बाजूला जाऊन बिडी पेटवली. आन म्हाताऱ्यांनी? त्यांनी 'एकाच जागी' एवढं ऐकलं आन फडकी सोडली! हिची नाचण्याची भाकरी आन खर्डा, तिचा झुणका. दिस कलला तरी हालंनात. दोघीबी रांडाव, दोघींच्याबी घरात बोलायला कोण न्हाय, काय बोलल्या आन काय न्हाय, हसत काय होत्या, डोळं काय पुसत होत्या. जाताना माझ्याच रातच्या गाडीत अम्मा म्हणली, "गौस, घे हे घर. मी येते." सांगतो, मला त्या दिवशी डबल बेल मारायची सुदीक सुदरंना. डोळंच भरून आलं.

घेतलं. भिंती उठल्या, रंग लागला, अम्मा ट्रंक घेऊन आली. आल्या आल्या सैपाकघरात गेली आन दोन पाट मांडले. म्हणलं दुसरा कुणाला? धोंडुबाईला. म्हणलं अम्मा, ती तिच्या घरात. वर. अम्मानं मान वर केली, छताकडं बघत ऱ्हायली. आता तिचं तरी काय चुकलं सांगा! नेसरीत वर काय आसतंय? माळा. माळ्यावर कांदं आसत्यात, शेणी आसत्यात, माणसं कवा बघितली तिनं?

"तिला वर कशाला टाकली?" म्हणली.

मी समजावलं, जिना हाय, जा की वर, कोण अडवतंय? गेली. तासाभरात परत. दुसऱ्या दिवशी धोंडुबाई खाली आली, ती बी तासाभरात परत. मी म्हणलं, आता काय झालं? तर अम्मा म्हणली, "तिच्यात गेले की मी पावणी, हितं आली की ती पावणी. चा घेणार का म्हणून इचारावं लागतंय. तिथं माळावर कोण पावणं न्हवतं, रं." वरवंट्याचा आवाज वरनं आला की ही खाली हातातलं काम टाकून ऐकत बसायची. मला वाटलं, आता ही निघाली नेसरीला. रात्रंदिवस ट्रंकंवर डोळा माझा.

आन गेल्या आठवड्यात, तुम्हाला सांगतो, ड्युटीवरनं आलो तर अम्मा न्हाय! वर पळालो, तर पिराजी खाली पळत येतोय, त्याची बी आई न्हाय! आता कुठं हुडकायचं? तेवढ्यात आकाराम दारात, घामाघूम. म्हणला, साहेब, हात जोडतो, माझा धंदा बुडाला. पलीकडच्या प्लॉटवर नवीन स्कीमची फक्की मारलीया, तर तुमच्या दोन म्हाताऱ्या सकाळच्यापास्नं सैपाकघरात घोंगडं टाकून बसल्यात. गिऱ्हाईक आलं की सांगत्यात, हे घर गेलं, फुडचं बघा!

गेलो. बघतो तर खरंच. मधी भाकरी सोडलेली, दोघी टाळ्या देऊन हसाल्यात. अम्माला इतकं खुशीत अब्बा गेल्यापास्नं बघितलं न्हवतं मी. आता उठवू कसा? आन रोज हेच चाललंय बघा. अंधार पडला की झोपायला तेवढी घरी येती. मी एस्टीच्या सोसायटीचं कर्ज काढून घर घेतलं अम्मासाठी, आन अम्मा ऱ्हायलीया… शेजारच्या रेघंत! काल जरा तणतणलोच तिथं, तर मला म्हणती, "गौस, चिडू नगंस. सलमाला घिऊन येत जा अधनंमधनं. लांबच्यासारखं करू नगा."

मग काय, चाललोय आता. सलमानं डबा बी बांधलाय.