ठप्प्याचा चमचा

चोर म्हणते भाऊ, चोर! माया आज्याले! तुम्हाले सांगतो, ऐंशी वर्षं होत आले, अख्खं गाव आमच्या घराले चमचेचोर म्हणून राह्यलं. माया पोरीची सोयरीक आली त् पाहुणे काय विचारते? "कोणते संघपाल? ते चमचेचोरवाले काय?" अन् चमचा केवढा? हा एवढुसा! बोटभर! चहात साखर ढवळायचा!

आता ऐका. माहा आजा मुखरू, मुलचेऱ्याकडच्या जंगलात, डाकबंगल्यावर, इंग्रज साहेबाचा खानसामा. गावात ज्याच्या हातचं पाणी कोणी पेत नव्हतं, त्याच्या हातचं साहेब दोन टाइम जेवत होता, बोला! साहेब विलायतेले निघाला, तवा जाताजाता हा चांदीचा चमचा आज्याले देऊन गेला. आज्यानं घरी आणून उलटा केला अन् त्याले घामच फुटला... पाठीवर ठप्पे! बारीक बारीक, पाच ठप्पे, एकावर त् जनावर! आता तुम्ही जंगलातले लोक, तुम्हाले काय सांगाव? आपल्याकडे लाकडावर ठप्पा कोणाचा? फॉरेस्टचा! ठप्प्याचं लाकूड घरात सापडलं त् माणूस कुठी जाते? बस! आजा समजला, साहेब भोळा, सरकारी माल देऊन गेला. घातला धानाच्या ढोलीत. आजीनं फक्त एका बाईले सांगतलं, कोणाले सांगू नको म्हणून... झालं! अन् जो वस्तू लपवते त्याले गाव काय म्हणन?

माही माय रुखमा सून होऊन आली, तिले पयले चमचा दाखवला, मंग चूल! फॉरेस्ट गार्ड पाणी मागायले आला की माय आधी ढोलीसमोर उभी. "घ्या न गार्डसाहेब, पाणी घ्या... नाई नाई, ढोलीत काईच नाई जी!" अरे, त्यानं ढोलीचं विचारलं काय? अन् चमचा केवढा? एवढुसा!

यंदा माय मले म्हणे, "संघपाल, मले चोराची सून म्हणून मरायचं नाई रे. कोण्या हुशार माणसाले दाखव." मायनं असं म्हटल्यावर मी घरात बसतो काय? कारखान्यात पाळी बदलून घेतली, घुग्घुसवरून गाडी काढली अन् चंद्रपूरले लटारूभाऊकडे गेलो. जुनी चांदी पाहण्यात त्या माणसाची हयात गेली. भिंग डोळ्याले लावलं अन् चमचा उलटापालटा करून पाहून राह्यला! मले वाटे, आता हा फॉरेस्टले फोन लावते...

"हा सिंह पाह्य, चालून राह्यला."

म्या म्हटलं, "भाऊ, वाघ असन."

"अबे, चंद्रपूरचा माणूस तू, तुले वाघ नाई समजत? सिंह म्हणजे चांदी अस्सल. हे बिबट्याचं तोंड, म्हणजे लंडन. हा एल, म्हणजे अठराशे शहाऐंशी साल. हे राणीचं मुंडकं, म्हणजे कर भरला. अन् हे दोन अक्षरं, ज्याच्या दुकानात घडला त्या कारागिराचे."

बाप्पा! अंगावर सर्रकन काटा आला! तिकडं लंडनात कोण्या सोनारानं हातोडी मारली अन् इकडं लटारूभाऊ फडाफडा वाचून राह्यला! तो सोनार मेला, राणी मेली, राज्य गेलं... ठप्पा जिता! आपल्या आधार कार्डावर आपलाच चेहरा ओळखू येत नाई, अन् इथी तांदळाच्या दाण्याएवढ्या ठप्प्यात राणीचं नाक दिसते! म्या चक्क हात जोडले, चमच्याले का लटारूभाऊले, ते मलेही समजलं नाई.

"म्हणजे हा फॉरेस्टचा नाई?"

लटारूभाऊ असा हासला का भिंगच खाली पडलं. म्हणे, "माल सरकारचा म्हणून नाई रे, माल खरा म्हणून मारते ठप्पा!"

ऐंशी वर्षं, भाऊ! म्या विचारलं, "पण मंग आज्यानं चोरला का साहेबानं देला?"

"ठप्पा बनवणाऱ्याचं सांगते बाबू, खाणाऱ्याचं नाई."

माह्यं तोंड एवढुसं झालं. मायले काय सांगू? तेवढ्यात त्यानं दांडीच्या टोकावर फुंकर मारली, कपड्यानं पुसलं... सुईच्या टोकाचे ठिपके! वाकडेतिकडे, इंग्रजीत! "एम... यू... के... मुखरू कोण रे?"

म्या म्हटलं, "माहा आजा!" मुखरू! अन् खाली एकोणीसशे शेचाळीस! साहेबानं सोताच्या हातानं टोचून नाव टाकलं होतं, अन् आजा अनपढ, त्याले वाटलं हा सहावा ठप्पा! आपल्याच नावाले भेला बिचारा, जलमभर!

घरी मायनं त्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. सासऱ्याले म्हणे, "मामाजी, तुमचंच नाव आहे जी..." अन् ढसाढसा रडली. मीही रडलो, लपवू कशाले?

मंग रविवारी विहारात, वंदना झाल्यावर, म्या चमचा फिरवला, संगं भिंग, सारी हकीकत सांगतली, ठिपके दाखवले. शेवटी चमचा गेला रंभाबाईच्या हाती. वस्तीत सगळ्यात म्हातारी, ती म्हणन ते गाव म्हणन. तिनं नातवाकडून नाव वाचून घेतलं, बराच वेळ पाह्यलं. माय माहा हात घट्ट धरून बसलेली. मंग रंभाबाईनं मान हालवली अन् बायाइले म्हणे,

"पाह्य व माय! चोरला त् चोरला, वरून नावही टाकून घेतलं!"

अन् सारं विहार, "होय न, होय न!" आता साक्षीले साहेब कुठून आणू, सांगा!