बलस्थान म्हणे!

...नाही, चुका काढल्या असत्या ना माझ्या, तर मी हूं की चूं केलं नसतं! अकरा वर्षं समुपदेशन करतोय, एका पेशंटने पाण्याचा ग्लास फेकून मारलाय, कपाळावर व्रण आहे अजून, हा बघा... पण कौतुक करून कुणी माझा केसाने गळा कापला नव्हता हो! तुम्हाला सांगतो, शिवी परवडली, पण बलस्थान नको!

झालं काय, आमच्या मानसोपचार केंद्रात आम्ही सहा समुपदेशक. आम्ही पेशंटशी कसं बोलतो ते दर आठवड्याला तपासणारे एक काका होते. खाष्ट! "अहो, त्या बाईला रडू तरी द्यायचं होतंत!" असे खेकसायचे. ते निवृत्त झाले. आता ती जागा कुणाची? माझी! सगळ्यात जुना मी! बायकोने तर माहेरी कळवूनसुद्धा टाकलं, यांना दारावर पाटी असलेली खोली मिळणार... कारण अकरा वर्षं मी बसतोय जिन्याखाली. इकडे पेशंट रडायला लागला की डोक्यावरून कुणीतरी धाडधाड उतरतंच!

तर नेमणुकीआधी दोन दिवसांचं प्रशिक्षण. प्रशिक्षक बाई इतक्या गोड, इतक्या गोड... "आपण उणिवा शोधायच्याच नाहीत हं! फक्त बलस्थानं! पेशंटची, सहकाऱ्यांची, स्वतःची!" मी विचारलं, आणि एखाद्याचं चुकलं तर? "किती छान प्रश्न! जिज्ञासा हे तुमचं बलस्थान!" घ्या! मिळालं उत्तर!

मग जोड्या. माझ्या जोडीला शेजारच्या खोलीतली मैत्रीण. सात वर्षांची मैत्री हो! तिची आई आजारी होती तेव्हा तिचे पेशंट मी सांभाळले, माझा अर्धा डबा रोज तिच्या पोटात... एकाने खरी अडचण सांगायची, दुसऱ्याने ऐकायचं, आणि इथलं इथेच राहणार, हा तर आमच्या कामाचा पहिला नियम! आता शहाण्या माणसाने काय सांगावं? पाठ दुखते, शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो... मी काय सांगितलं? खरं सांगितलं! "अजूनही नवा पेशंट दारात आला की माझ्या तळहातांना घाम फुटतो गं. वाटतं, मला नाही जमणार." बायकोलासुद्धा माहीत नाही हे! तिने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "किती विश्वासाने सांगितलंस रे!"

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला मोठे डॉक्टर येऊन बसले. नेमणूक त्यांच्या हातात. प्रत्येकाने उभं राहून जोडीदाराचं बलस्थान सांगायचं. ही उठली. आवाजात नुसता मध! "याचं बलस्थान प्रामाणिकपणा! अकरा वर्षांनंतरही पेशंट आला की हातांना घाम फुटतो, जमणार नाही असं वाटतं... स्वतःच्या मर्यादा इतक्या मोकळेपणाने कबूल करायला धैर्य लागतं!" आणि टाळ्या! टाळ्या हो! मोठे डॉक्टर माझ्याकडे असे बघतायत की आत्ताच दाखल करून घेतील! बरं, भांडू कसा? कौतुक चाललंय माझं! शिवी परवडली, तुम्हाला सांगतो...

सोमवारी पाटी लागली. तिची. बायको म्हणते, "तुम्ही तिथल्या तिथे बोलला का नाहीत?" काय सांगू? ऐकत होतो! सवय!

पण परवा तिच्यासमोर माझी पहिली तपासणी होती. ठरवूनच गेलो. तोंडावर सांगायचं, बाई गं, सात वर्षांचा विश्वास तू दोन वाक्यांत विकलास! खुर्चीत बसलो, तोंड उघडणार, तेवढ्यात हिने दार लावलं आणि हमसून हमसून रडायला लागली! "मला नाही रे झेपत हे! बाकीच्या चौघांसमोर बसले की हात कापतात माझे. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?" कुणाला सांगू म्हणे! आतून नुसता जळत होतो मी, आणि तोंडातून काय निघावं? "हं... मग?" पाऊण तास ऐकलं! वर माझा रुमाल दिला डोळे पुसायला!

डोळे पुसले, माझी फाइल उघडली, "तुझं बलस्थान लिहिते हं," म्हणाली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "ऐकून घेण्याची विलक्षण हातोटी. पेशंटसाठी अमूल्य. यांना आहे त्याच जागेवर ठेवावे."

आलो खाली, जिन्याखाली. दारात नवा पेशंट उभा. फुटला तळहातांना घाम. पुसायला खिशात हात घातला... तर रुमाल वर, तिच्याकडे!