पाण्याच्या गाण्यातली नावं

— नाही देणार, प्रिन्स. फाइल आहे माझ्याकडे, खोटं कशाला बोलू — पण नाही देणार. बस ना, उभा का? शनिवारी तुझ्या बहिणीच्या लग्नाचं पाणी विहिरीवरून आणणार, बॅण्ड सांगितलाय, आणि गाणं मोबाइलवर लावणार — हो ना? नेटवर मध्येच जाहिरात येते म्हणून तुला माझ्याकडची साफ फाइल हवीय. पूर्ण ऐकलंयस कधी? एकोणीस मिनिटांचं आहे. हसतोस काय? कोणीच ऐकत नाही. कोण कुठे सोडून जातं ते मला दिसायचं — उत्तन, शांती नगर, थेट कुवेत — सगळे चाळीस सेकंदांत गायब.

मीच टाकलं ते नेटवर. चार वर्षं परदेशात राहून लोकगीतं कशी जपायची ते शिकले, परत आले, आणि पहिलं काय केलं — माझ्या थोरल्या भावाच्या, डेनिसदादाच्या लग्नात रुथ मावशीपुढे माइक धरला. आपल्या पाली गावात हे गाणं येणारी ती एकटीच उरली होती. मला वाटलं, सगळ्यांना सगळं मिळायला हवं, केव्हाही, फुकट. अजूनही वाटतं — म्हणजे, वाटायचं. आधी कसं होतं? नारळ घेऊन मावशीकडे जायचं, ती म्हणायची, आज न्हाय, उद्या ये. पुन्हा जायचं. मग ती घरातल्या गेलेल्या माणसांची नावं विचारायची — कारण गाण्याच्या शेवटी त्यांना बोलवायचं असतं, विहिरीच्या काठावर, एकेकाला, नाव घेऊन — ये, घरात लग्न आहे. बायकांचे पाय दुखायचे, पण आपल्या माणसाचं नाव येईपर्यंत कोणी हलायचं नाही.

आता कळलं? त्या फाइलमध्ये नावं आमच्या घरची आहेत. बस्त्याव, नाताल, कोंसूआजी. गेल्या वर्षभरात इथे प्रत्येक लग्नाला आमचीच माणसं बोलावली गेली. ज्यांच्या घरचं लग्न, त्यांची राहिली बाहेर. आणि एकानेही, एकानेही प्रिन्स, विचारलं नाही — हा नाताल कोण?

शेवटचं नाव ह्युबर्ट आहे. — जरा हळू बोल, आई आत झोपलीय. — नाही रे, तो गॅरेजवाला नाही. माझा मधला भाऊ. तीन वर्षांचा होता, जेटीवरून — जाऊ दे. आई घरात त्याचं नाव घेत नाही. मावशीला तिनेच सांगितलं होतं, फक्त डेनिसच्या लग्नाला त्याला बोलव, एकदाच. एकदाच! आता कोणाच्याही मांडवातून स्पीकरवर येतं — ये रे ह्युबर्टा, ये — आणि आई खिडकी लावून घेते. म्हणजे, आधी लावायची. हल्ली दार उघडून उभी राहते. मागच्या महिन्यात तिने एक ताट जास्त वाढलं. हे बाहेर सांगू नकोस.

काढलं ना! आईने ते ताट वाढलं त्याच दिवशी काढलं. तोवर लोकांनी उतरवून घेऊन परत टाकलेलं, कोणी त्यावर ढोल चढवलाय, कोणी दोन मिनिटांचं केलंय — आता कोणाकोणाच्या पाया पडू?

मावशीकडे? तेही केलं. शेजारच्या सॅव्हियोच्या लग्नाआधी मीच नारळ घेऊन गेले. म्हणाली, 'मोबाइलात हाय ना सगलां, मंग मी कशाला?' पण आली. सॅव्हियोच्या घरची नावं तिने तीनदा मला म्हणून दाखवली, एक चुकलं नाही. विहिरीवर उभी राहिली, तोच आवाज, मला रडू आलं. मग नावं आली आणि — बस्त्याव. नाताल. कोंसू. मी तिचा हात धरला. ती माझ्याकडे बघतेय, घाबरलीय, आणि गातेय — थांबता येईना तिला. रेकॉर्डिंगमध्ये कोंसूनंतर ती एकदा खोकलीय ना, तिथेच खोकली, प्रिन्स. अगदी तिथेच. मग ह्युबर्ट.

आता सांग, तुझ्या आजोबांच्या आईचं नाव काय? — आठव. — त्यांच्या भावाचं? — मग शनिवारी बोलवणार कोणाला?

फोन कशाला काढतोस? नेटवरचं लावून बघतोस? विश्वास नाही माझ्यावर? बघ, घरी जाऊन बघ — इथे नको. शेवटपर्यंत ओढू नकोस ते — प्रिन्स, आवाज बंद कर — बंद कर, दे इकडे —

नाही गं आई. कोणी नाही आलेलं. तू झोप. — अगं नाही, दार नको उघडूस. कोणी नाही.

जा तू.