त्या वर्षीची पानं

नाही, थांबा तुकोजीराव, पुडी बांधू नका अजून — मला नक्की आठवत नाही, हेच तर दुखणं आहे, की त्या वर्षीची पानं तुमच्याच दुकानातली होती की पलीकडच्या — आता तिथं मोबाइलची कव्हरं टांगलीत ना, त्या दुकानातली. तुमचीच असणार. लष्कर मोहल्ल्यात मी दुसरीकडे कुठं थांबल्याचं आठवत नाही. पण आठवत नाही म्हणजे थांबलो नाही, असं थोडंच होतं? आमच्या शास्त्रात तरी होत नाही. तुम्ही छातीवर हात ठेवून सांगताय की तुमचीच, पण तुम्ही दुकानदार, तुम्ही दुसरं काय सांगणार? अय्यो, रागावू नका हो. त्या बाईंना द्या आधी, त्या घाईत दिसतात. खालची द्या त्यांना, गोणपाटाखालची, वरची वाळलीत. मला काय, मी रिटायर माणूस, बसतो इथं स्टुलावर.

हौदा? असं का? पान म्हणजे पान. हे तुम्ही दर आठवड्याला म्हणता. मळ्यातला तो म्हातारापण तेच म्हणाला — नंजनगूड रोडच्या बाजूचा, आता तिथं मळा कसला, चार वाफे आणि भोवती साइटींचे, घरांच्या प्लॉटांचे दगड. त्याची माती आणली मी, विहिरीचं पाणी आणलं बाटलीतून. तो बायकोला म्हणाला, हे अजून एक आले, जमीन विकत घ्यायला. हसा. हसा तुम्ही. सगळं मैसूर पान खातं आणि हा प्रोफेसर पान उकळतो — माहीत आहे मला, कोपऱ्यावरचा फुलवालासुद्धा मला ‘पानाचा काढा’ म्हणतो. मी काय काढा पितो का? मी त्यात चांदी घालतो.

खरंच चांदी. सिल्वर नायट्रेट म्हणून असतं, पाण्यात विरघळलेलं, दिसायला नुसतं पाणी. त्यात पानाचा अर्क घातला की आतली चांदी कणाकणानं बाहेर येते, आणि कण किती बारीक — तुमच्या डोक्यावरचा केस, आहेत ते, रागावू नका, त्या केसाच्या जाडीत असले हजारो कण ओळीनं बसतील. पाण्याला रंग चढतो, मधासारखा. मग त्या पाण्यातून लेझरचा झटका सोडायचा. झटका केवढा? तुमची पापणी लवते ना, तेवढ्या वेळात तसले कोट्यवधी झटके एकामागे एक मावतील. आता गंमत ऐका — ऐका हो, गिऱ्हाईक नाही आत्ता कुणी. साध्या पाण्यात दुप्पट उजेड टाकला तर दुप्पट बाहेर पडतो, सरळ व्यवहार. या चांदीच्या पाण्याचं तसं नाही. उजेड थोडा असेल तर जाऊ देतं, आणि फार झाला की दार लावून घेतं. आम्ही काय करतो, भिंगानं लेझर एका जागी गोळा करतो आणि पाण्याची कुपी त्या जागेतून हळूहळू पुढं सरकवतो. कुपी लांब असली की उजेड पार. मधोमध आली, जिथं उजेड सगळ्यात दाट, तिथं पार जाणारा उजेड एकदम खाली. पुढं सरकली की परत वर. कागदावर काढलं की विहीर दिसते. मृण्मयीची विहीर इतकी खोल होती, तुकोजीराव, की मी पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हटलं, वायर सुटली असेल.

सुटली नव्हती. मी स्वतः बघितली होती वायर. मला वाटतं, बघितली होती.

मृण्मयी म्हणजे माझी शेवटची विद्यार्थिनी हो, तिला तुम्ही बघितलंय, हिरव्या स्कूटरवर यायची आमच्या घरी, गोदावरी तिला जेवल्याशिवाय सोडायची नाही. आता हासनला कॉलेजात शिकवते. बारा वर्षं झाली त्या कामाला. तिनं लिहिलं, खाली मीही सही केली, छापून आलं, चार लोकांनी बरं म्हटलं — असल्या पाण्याचा पडदा करता आला तर लेझरवर काम करणाऱ्यांचे डोळे वाचतील, म्हणून. आणि आता कुठल्या तरी लांबच्या देशातल्या लोकांनी मैसूरची पानं मागवली, चांदी घातली, कुपी सरकवली — विहीर नाही. नुसता खळगा. दुसऱ्यांनी करून बघितलं — तिथंही नाही. मग मासिकाला पत्र, मासिकाचं विद्यापीठाला पत्र, विद्यापीठानं समिती नेमली. सोमवारी बसते. परत करून दाखवता आलं नाही तर ते म्हणणार, आकडे बनवलेले आहेत. पीएचडी जाईल. पीएचडी गेली की नोकरी राहते का? दोन वर्षांची मुलगी आहे तिला. सासरचे काय म्हणतील ते वेगळंच.

आणि तिला फोन केला तर ती काय म्हणते? ‘सर, राहू द्या. मी खोटं काही केलेलं नाही, पण तुम्ही या वयात धावपळ करू नका.’ राहू द्या! अशा वेळी माणूस राहू द्या म्हणतो का? खरा असलेला माणूस भांडतो, टेबलावर हात आपटतो. ही मलाच जपते. मी विचारलं, पानं कशी धुतलीस, किती उकळलीस, काही वेगळं केलं होतंस का — ‘नाही सर, लिहिलंय तसंच.’ आणि लगेच माझी तब्येत विचारायला लागते. मला तेव्हा शंका — नाही, शंका नाही. तसं नाही म्हणायचं मला. मी तिला ओळखतो. पण शास्त्रज्ञाला शंका येतेच हो, ती काय विचारून येते? येऊन बसते रात्रभर उशाशी. हे कुठं बोलू नका, काय?

मी काही हातावर हात ठेवून बसलो नाही. सुधींद्र आहे ना, माझा जुना सहकारी, आता तोच डिपार्टमेंटचा मुख्य, तो रविवारी मला लेझर वापरू देतो. शेजारी उभा राहतो, चहा मागवतो, आणि माझ्याकडे असा बघतो, की जसं दवाखान्यात बघतात. माझं पाणी मधासारखं होतच नाही. तासन्‌तास काही नाही, मग हळूहळू गढूळ, उरलेल्या चहासारखं, खाली गाळ. तिचं पाणी बघता बघता पिवळं व्हायचं, मला आठवतंय — की ती तसं सांगायची म्हणून आठवतंय? सुधींद्र म्हणतो, सर, त्या काळी यंत्रातच काही असेल, पाणी तापलं असेल, तापलं तरी फसवी विहीर दिसते. मला शिकवतो! तापण्याचं मीच त्याला शिकवलं. झटके लांब लांब अंतरानं सोडून बघितलं होतं आम्ही, तापायला वेळच नव्हता. मग पान राहिलं. सगळं जिथल्या तिथं आहे, तर पानच वेगळं असणार, नाही का? पावसाआधीचं, पावसानंतरचं, कोवळं, जून, तुमचं, मार्केटातलं — सगळं उकळून झालं. घरात वास बसलाय. सून म्हणते, मामंजी, गॅलरीत उकळा.

नको. नको म्हणतोय ना, माझ्यासाठी लावू नका पान. सोडलं मी. गोदावरी गेल्यापासून तोंडात घातलं नाही. अहो, पण तुम्ही ऐकत का नाही — असू द्या, हात थांबत नाही तुमचा, कळतंय. तिचाही थांबायचा नाही. सकाळी माझा डबा भरायची ना, जेवणाचा वेगळा आणि पानाचा वेगळा, तो चपटा पितळी — तिच्या आईचा. देठ खुडायची, पाठीवरची शीर नखानं काढायची, आणि घडी न घालता पानावर पान रचायची, सुपारी वेगळ्या पुडीत. मला विडा आयता नको असायचा, आपल्या हातानं घडी घालायला आवडायची. त्या डब्यावरून आमचं फार वाजलं शेवटी. तुम्हाला काय सांगायचं, घरातल्या गोष्टी — पण पानं कमी भरायला लागली. दुपारी उघडावा डबा, तर संध्याकाळच्या चहानंतरचं पान नाही. मी म्हणायचो, गोदावरी, तू विसरायला लागलीस. ती म्हणायची, अहो, मोजून ठेवली. मी म्हणायचो, मग गेली कुठं, मी काय झोपेत खाल्ली? मग बिचारी मोठ्यानं मोजायला लागली डबा भरताना, ओंदु, एरडु, मूरु — तिचं माहेर चामराजनगरचं, मोजायची कन्नडातच. तरी कमी. शेवटी स्वतःच म्हणाली, मला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन चला. नजरबादला एकाकडे नेलं. त्यानं तिला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, सव्वाअकरा वाजलेत असं. बरोबर काढलं हो तिनं, काटे, आकडे, सगळं. डॉक्टर म्हणाला, काही नाही, वय. पण ती घाबरली ती घाबरलीच. नंतर गॅस बंद केला का ते उठून उठून बघायची, नातवाचं नाव हाक मारायच्या आधी मनात म्हणून बघायची, मला कळायचं, ओठ हलायचे. जाईपर्यंत तसंच. वय झालं की होतं ते. मलाच बघा ना, पानं कुठून घेतली आठवत नाही.

तो चुना पुसा ओ. पान देताय तर कोरं द्या, खिशात ठेवतो. चुना नाही चालत आता मला, जिभेला —

काय करत होता तुम्ही आत्ता? नाही, हसण्यावारी नेऊ नका. न विचारता चुना लावलात. सवय. पान हातात आलं की बोट डबीत. गोदावरीही डब्यातल्या प्रत्येक पानाला — पाठीवर, एवढंसं, पुसल्यासारखं. थांबा. मला विचार करू द्या. चुना पाण्यात गेला तर पाणी आंबट राहत नाही, उलटं होतं, आणि तसल्या पाण्यात चांदी झपाट्यानं बाहेर पडते, कण बारीक आणि एकसारखे पडतात, हे कुठल्याही केमिस्ट्रीवाल्याला विचारा, आम्ही फिजिक्सवाले तेवढे — पण आमच्या पानांना चुना कुठला? लॅबमधली पानं कोरी. मीच न्यायचो सोमवारी, अख्खा कट्टू, पानांची पुरी जुडी, तुमच्याकडून, ओल्या फडक्यात. आठवडाभर वापरायची ती. आठवडा संपत आला की वाळायची, काळी पडायची. मग शुक्रवारी, शनिवारी ती पोरगी काय वापरायची? शनिवारीच चांगले आकडे यायचे तिला. आम्ही चेष्टा करायचो, मृण्मयीला शनी प्रसन्न आहे. शनिवारी काय वापरायची?

माझा डबा असायचा तिथं. लॅबच्या खिडकीत. उघडाच.

तुमच्याकडे चार्जिंग आहे का — असू द्या, आहे, आहे माझ्यात. जरा तो रेडिओ बारीक करा. ... हॅलो? मृण्मयी, वर्गात आहेस का? बाहेर ये. नाही, तब्येत बरी आहे. अगं, सुधींद्रचं काही नाही. एकच विचारतो, आणि हे बघ, मी रागावणार नाही, मला फक्त हो की नाही सांग — माझ्या पानाच्या डब्यातली पानं तू घ्यायचीस का? ... मृण्मयी? ... अगं, रडतेस कशाला? पानंच ती. ... हो. ... हो. ... किती घ्यायचीस? ... बरं. आणि धुतलीस? नुसती पुसलीस, बरं. ... अगं, पण मग सांगितलं का नाहीस? एवढं सगळं रामायण झालं तरी? ... बरं. बरं. नाही, चूक नाही, उलट — ऐक, आता डोळे पूस, वर्गात जा. रविवारी सकाळी इकडे ये. मुलीला घेऊन ये. आपण दोघांनी करायचं. होईलच असं सांगत नाही मी, चुन्यानंच झालं असेल असं नाही, दुसरंही काही असू शकतं, पण ये. ठेवतो.

घ्यायची म्हणाली. न विचारता घेतली होती, म्हणून सांगायला तोंड नव्हतं, म्हणाली. आणि पान ते पान, एकाच दुकानातलं, त्यानं काय फरक पडणार, असं वाटलं तिला — तुमच्यासारखंच. नोकरी जायची पाळी आली, पण सरांच्या डब्याला हात लावला हे सांगवेना. काय म्हणावं या पोरींना? आणि मी इकडे तिच्यावर रात्र रात्र — असू द्या. एक कट्टू द्या चांगला. आणि चुना द्या, तुमच्या याच डबीतला, दुसरा नको. द्रोणात द्या. झाकण करा नीट.

काय म्हणालात? हो, खूश आहे. खूश का नसणार? रविवारी बघू.

किती घ्यायचीस, तेही विचारलं मी तिला. दोन, म्हणाली. कधी तीन.

माझ्यासाठी लावलेलं पान या दुसऱ्या बाईंना द्या, त्या कधीच्या उभ्या आहेत. मी निघतो. नाही, रिक्षा नको, चालत जातो.

दोन, कधी तीन. म्हणजे डबा भरलेलाच यायचा, तुकोजीराव. गोदावरी बरोबर मोजत होती.