नदीपलीकडचा फिकट रंग

हृदयाच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत होतो. समोर भिंतीवर नकाशा होता. हार्ट अटॅकनं आणि लकव्यानं जिथे जास्त माणसं दगावतात तो भाग लाल, जिथे कमी तो फिकट. शेजारच्या आजोबांनी चष्मा पुसला आणि आजींना कोपरानं ढोसलं.

"अगं, आपलं गाव बघ. लालभडक!"

"आणि नदीपलीकडे माझं माहेर बघा. कसं फिकट आहे!"

"म्हणजे तुझा भाऊ मजेत जगणार आणि मी जाणार?"

"काहीतरीच बोलू नका."

"चल, त्याच्याकडेच राहायला जाऊ. त्याची वरची खोली रिकामीच असते."

"अहो, लग्न झाल्यापासून तिथे एक रात्र धड टिकला नाहीत तुम्ही!"

"कसा टिकणार? जेवण सगळं अळणी. पहाटे पांघरूण ओढून उठवतो, टेकडी चढायला लावतो. विडी ओढायची तर गोठ्यामागे लपायचं. असल्या घरात माणूस किती दिवस काढणार?"

"बरेच काढतो, असं दिसतंय नकाशात."

आजोबांनी उठून नकाशावर नदीपलीकडे बोट टेकवलं.

"बरं, लाव त्याला फोन. खोली झाडून ठेव म्हणावं."

"खरंच?"

"खरंच. मीठ तेवढं आपण घरून नेऊ."