पुलावर, आईला घेऊन

हॅलो? … हो ताई, मीच. … नाही, आम्ही दोघी घरी नाही पोचलो अजून. हॉस्पिटलमधून निघालो वेळेवर, पण… पुलावर आहोत. … पुलावर म्हणजे पुलावर! गाडी थांबलीये. … थांबवली नाही गं, थांबली.

आई मागेच आहे. जाणार कुठे ती, खुब्याला टाके आहेत… बरी आहे. … अगं ऐक ना, आधी ऐक! स्टिअरिंगसमोर लाल दिवा लागला, मग गाडीचा जोरच गेला. कशीबशी कडेला घेतली. … हो, चारही दिवे लुकलुकतायत.

थांब, ट्रक गेला… सगळी गाडी हलते गं. … काय म्हणालीस?

हो, जुनी घेतली. हो, तू नको म्हणाली होतीस. भाऊजीही. … ताई, आत्ता नको ना ते! … नव्यानं शिकणाऱ्यानं साधी गाडी घ्यावी, कळलं. पण मी तपासून घेतली होती. … अगं हायब्रीड म्हणजे इंजिनही असतं नि मोठी बॅटरीही. ती मागच्या सीटखाली. … स्फोट-बिट काही होत नाही! स्पीकरवर आहेस तू, आई ऐकतेय.

काही नाही आई, ताई आपली उगाच…

केलाय, मदतीच्या गाडीला फोन केलाय. तासभर तरी लागेल म्हणाले. … उतरवून कुठे उभी करू तिला? एका पायावर? … हो, घाबरलेय! झालं समाधान?

नको. भाऊजींना पाठवू नकोस. … कारण ते आईला तुमच्याकडे नेणार, आणि मग ‘धाकटीला झेपत नाही’ म्हणून कायमची तिथेच… मग काय खोटं बोलले? माझ्याकडे यायचं आई स्वतः म्हणाली. तू होतीस तिथे.

… काय गं आई? … कुठे? … ताई, जरा गप्प बस! आई म्हणतेय, मघापासून तिच्या कमरेपाशी काहीतरी घोंघावत होतं. पंख्यासारखं. … थांब, उतरून मागचं दार उघडते. … कठड्याकडचं गं, रस्त्याकडचं नाही.

अगं बाई… उशी! टेकायला दिलेली उशी, वर रजई. सीटच्या कडेला जाळी आहे, बॅटरी तिथूनच हवा ओढते. आपण तिचं नाकच दाबून ठेवलंय! … बापरे, भट्टीसारखी तापलीये. … सांगितलं होतं विकणाऱ्यानं, तिथे सामान ठेवू नका म्हणून. सामान नव्हतंच ठेवलं. आईला ठेवलं होतं!

काढली सगळी. आता जरा निवू दे. … आहे मी फोनवर. … ताई? … अगं, तू का रडतेस? … हे होतं होय मनात? आई तुझ्याकडे का नाही येत म्हणाली म्हणून? … वेडी आहेस का! तुझ्याकडे जिना आहे. दोन मजले. एवढंच कारण. … आई, तूच सांग तिला. … ऐकलंस? ‘पाय चालता झाला की थोरलीकडेच जाणार, धाकटीची भाजी अळणी असते.’ घ्या! उन्हात मी उभी, आणि नावं मलाच.

बरं, जाळी निवली आता. पुढे बसून बटण दाबते. … आवाज? हिचा आवाजच येत नाही सुरू होताना, तोच तर घोळ… दिवा… लालच आहे. … परत दाबते. … गेला! ताई, लाल गेला, हिरवा लागला!

नाही, घरी नाही. पूल उतरला की पेट्रोल पंप आहे, तिथवरच. मदतवाल्यांनाही तिथेच बोलावते. त्यांनी पाहिल्याशिवाय पुढे नाही नेणार आईला. … ये ना. भाऊजींबरोबर तूही ये. … हो गं, दोघी मिळून नेऊ घरी. माझ्या शेजारी बस. फक्त ‘ब्रेक, ब्रेक’ ओरडायचं नाही.

मागून बस येतेय, जाऊ दे तिला… आता रस्ता मोकळा आहे. ठेव. … अगं ठेव ना ताई! दोन्ही हात लागतात मला.