टँकर बिघडला नव्हता

गल्लीच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना. आधीच माफी मागते, शुद्धलेखन चुकणार आहे. माझी शाळा सातवीतच सुटली, आणि एका बोटाने टाइप करते म्हणून वेळही फार लागला. काल टँकरमामांच्या निरोप समारंभाला मी बोलले, पण मधेच माइक बंद झाला आणि मागच्यांना काही ऐकू आलं नाही. जे खाणीत पाळीवर होते त्यांनीही विचारलं. म्हणून बोलले ते आठवेल तसं लिहिते.

आदरणीय अध्यक्ष, खाणीचे मॅनेजर साहेब, व्यासपीठावर बसलेले तपासणी खात्याचे पाहुणे, शाळेच्या हेडबाई, समोर बसलेले काका, काकू, मावश्या, दादा, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलोय ते आमचे टँकरमामा, सगळ्यांना नमस्कार.

मला बोलता येत नाही. दुकानात साबण मागायचा तरी मी आधी मनात म्हणून बघते. ऑफिसातल्या कारकूनदादांनी गल्लीतर्फे बोलायला मला निवडलं, तेव्हा आई म्हणाली, "तुलाच का गं? तुझ्या तोंडातून तर शब्द फुटत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच गं."

हसताय काय? बघा, कारकूनदादाही हसतायत.

दादांनी मला समजावून सांगितलंय, मामांना शुभेच्छा द्यायच्या, साहेबांचे आभार मानायचे, खाली बसायचं. तर मामा, शुभेच्छा. साहेब, आभार. भेटीचं घड्याळ छान आहे. आता खाली बसायला हवं, पण पाहुणे लांबून आलेत, त्यांना एक गोष्ट माहीत नसेल. ती सांगते आणि बसते.

आईला दम लागायला लागल्यापासून कपडे धुवायचं काम मी करते. खाणीच्या गेस्टहाऊसच्या चादरी आमच्याकडेच असतात. खाणीच्या फाटकाशी धूळ मोजायची पेटी आहे आणि वर विजेवर चालणारा मोठा फळा आहे, हवेत किती धूळ आहे ते आकड्यात दाखवणारा. फळ्याचं तोंड रस्त्याकडे आहे. नियमच तसा आहे म्हणे. धूळ आम्ही खातो, तर आकडा आम्हाला दिसायला नको?

तपासणी आली की मामांना ऑफिसातून हुकूम यायचा, पेटीभोवती पाणी मारा. मामा टँकर काढायचे आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न वाजवायचे. तो वाजला की आम्ही बायका टोपल्या घेऊन फाटकाकडे पळायचो, दोऱ्या बांधायचो, कपडे वाळत घालायचो. तेवढ्याच जागेत, तेवढाच वेळ हवा चांगली असायची ना! साहेबांना वाटायचं पाणी मारतो ते कुणाला कळत नाही. आमच्या दोऱ्या बघून शेंबडं पोरसुद्धा सांगायचं, आज तपासणी आहे.

पाहुण्यांनो, तुम्ही ते पांढरेशुभ्र कपडे बघितले असतील. वाटलं असेल, काय छान हवा आहे इथली! ती आमच्या मामांनी धुतलेली हवा होती.

मागच्या तपासणीला हॉर्न वाजला नाही. मी आपली टोपली घेऊन निघाले होते. मामांनी टँकर थांबवला.

"पोरी, आज कपडे वाळत नको घालूस."

"का? संध्याकाळी चादरी द्यायच्यात."

"सांगतो ते ऐक."

"हॉर्न वाजवायला विसरलात तर विसरलात, वर मलाच अडवता होय?"

मी ऐकलं नाही. चादरी वाळत घातल्या. मामांनी टँकर वळवला तो थेट शाळेच्या रस्त्याला. तिथून दिवसभर डंपर जातात, आणि माझा धाकटा भाऊ वर्गात त्याच बाजूच्या खिडकीशी बसून खोकतो. मामांनी तो सगळा रस्ता भिजवला. पेटीपाशी थेंबसुद्धा पडला नाही. पाहुणे समोर उभे आणि फळ्यावर आकडा चढतोय, चढतोय, खाली येईच ना. माझ्या चादरींचं तर पोतेरं झालं. मी तशीच शाळेच्या रस्त्याला मामांशी भांडायला गेले. ते म्हणाले, "चादर पुन्हा धुता येते गं. तुझ्या भावाची छाती कशी धुशील?"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ताडपत्री आली. वर पाटी, दुरुस्ती चालू आहे. आणि मामांना निवृत्ती, तीही वेळेआधी.

आत्ता साहेब भाषणात म्हणाले, त्या दिवशी दुर्दैवाने टँकर बिघडला होता, मामांच्याने आता देखभाल होत नाही. निरोपपत्रातही तसंच छापलंय. साहेब, टँकर बिघडला नव्हता. मग शाळेचा रस्ता काय आपोआप ओला झाला? मी तिथे होते, गुडघ्यापर्यंत भिजले होते. ज्या माणसाने टँकर पोटच्या पोरासारखा जपला, त्याला जाताजाता अशी नावं ठेवता?

(इथे माइक बंद झाला. मग मी ओरडून बोलले. आवाज चिरकला, पण बोलले.)

मला दोन गोष्टी हव्यात. निरोपपत्रातली ती ओळ काढा. आणि फळ्यावरची ताडपत्री काढा.

साहेब म्हणाले, "बाळ, ती तांत्रिक बाब आहे. तुला नाही कळायचं."

"मला नाही कळणार साहेब. वायरमनदादांना कळेल. दादा, काय बिघडलंय हो फळ्याचं?"

वायरमनदादा मागे भिंतीला टेकून उभे होते. "मला काय माहीत? मला कुणी बोलावलंच नाही. चालू आहे की तो. ताडपत्रीच्या आतून पेटलेला दिसतो."

सगळा हॉल हसला. इस्त्रीवाल्या काकू मोठ्याने म्हणाल्या, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतंय होय!"

तेव्हा मामा उठले. इतका वेळ मान खाली घालून बसले होते. म्हणाले, "बिघाड नव्हता. पाणी मीच तिकडं मारलं. उद्या पुन्हा टँकर हातात दिलात, तर पुन्हा तिकडंच मारीन." आणि घड्याळ आणि निरोपपत्र दोन्ही टेबलावर ठेवलं. "ओळ काढा, मग न्यायला येतो."

मी पाहुण्यांकडे वळले. एवढंच म्हटलं, पाहुण्यांनो, चहा निवला तर निवू दे, आधी आमच्याबरोबर फाटकाशी चला. बोलायला दिलंत, सगळ्यांचे आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला. काही चुकलं असेल तर पोटात घाला. धूळ तेवढी आता आमच्या पोटात घालू नका.

भाषण संपलं.

मग आम्ही गेलो. पाहुणे आधी साहेबांकडे बघत होते, मग तेही आले. वायरमनदादांनी शिडी लावली, ताडपत्रीची गाठ मामांनी सोडली. आकडा मी इथे टाकत नाही. फळ्याचं तोंड रस्त्याकडेच आहे, येऊन बघा. पुन्हा कुणी झाकू नये म्हणून काकूंनी तिथेच दोरी बांधलीय, आता आम्ही रोज तिथेच कपडे वाळत घालणार, हॉर्न वाजो न वाजो. ओळ अजून काढलेली नाही. घड्याळ ऑफिसात पडून आहे.

आणि हो, आमच्या मांजरीने आज कपड्यांच्या टोपलीत तीन पिल्लं घातली. दोन पांढरी, एक राखाडी. धूळ असेल म्हणून आईने राखाडीला ओल्या फडक्याने पुसून बघितलं. नाही, रंगच आहे. कुणाला हवं असेल तर सांगा.